जुन्या झेनसाठी खालच्या स्प्रिंगा: तीन पर्यायांचे परीक्षण

पुण्याहून पौड, मुळशी, ताम्हिणी या मार्गाने कोकणात उतरायचे ही आमच्या घरची जुनी सवय आहे आणि त्यासाठी आम्ही आजही २००२ सालची मारुती झेन वापरतो. ९९३ सीसीचे ॲल्युमिनियमचे इंजिन, साधारण साडेसातशे किलो वजन आणि २३३५ मिलिमीटरचा व्हीलबेस (पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर) असलेली ही गाडी घाटात आजही मनापासून चालवावीशी वाटते. मात्र सलग वळणांवर ती जरा जास्तच कलते आणि वेग थोडा वाढला की तिचे नाक वळणाच्या बाहेर जाऊ लागते. हे कमी व्हावे म्हणून गाडी थोडी खाली बसवणाऱ्या व थोड्या अधिक कडक स्प्रिंगा घालण्याचा विचार मी बरेच दिवस करत होतो. गेल्या वर्षभरात मूळ स्प्रिंग कापणे, बाजारातला तयार संच आणि मापे देऊन बनवून घेतलेल्या स्प्रिंगा हे तिन्ही मार्ग मी जवळून पाहिले. पहिला एका मित्राच्या झेनमध्ये, उरलेले दोन माझ्याच गाडीत. उत्पादकांची व गॅरेजची नावे येथे दिलेली नाहीत. स्प्रिंगचा कडकपणा किती आणि तिची मोकळी, म्हणजे भार नसतानाची, लांबी किती, या दोन आकड्यांवरच सारे अवलंबून असते, आणि हे आकडे जो सांगू शकत नाही त्याच्याकडून स्प्रिंग घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, मग त्याचे नाव कितीही मोठे असो.

स्प्रिंगांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. वीस वर्षांहून जुन्या गाडीचा ढिलेपणा बहुतेक वेळा स्प्रिंगचा नसतोच. माझ्या गाडीचे चारही शॉक ॲब्सॉर्बर थकलेले होते, पुढच्या स्ट्रटच्या (स्प्रिंग व शॉक एकत्र असलेल्या उभ्या खांबाच्या) वरच्या माउंटिंगचे रबर दबून गेले होते आणि चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचे बुश, म्हणजे सांध्यातले रबर, चिरलेले होते. हे सर्व मूळ जातीचेच नवे भाग घालून बदलले, टायरही मूळ मापाचे नवे घेतले आणि गाडी महिनाभर तशीच चालवली. निम्मी तक्रार तेथेच संपली. ज्यांची गाडी पंधरा वर्षांपेक्षा जुनी आहे त्यांनी हा टप्पा ओलांडल्याशिवाय स्प्रिंगांवर एक रुपयाही खर्च करू नये, कारण थकलेल्या शॉकवर कडक स्प्रिंग बसवली की गाडी खड्ड्यातून बाहेर पडल्यावरही उड्या मारत राहते आणि दोष मात्र स्प्रिंगच्या माथी येतो.

गाडी खाली बसवली की ती आपोआप कमी कलते, हा समज सर्वत्र आढळतो. तो अर्धाच खरा आहे. वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जो भार सरकतो तो गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या व उजव्या चाकांमधले अंतर यांवर ठरतो. लहान हॅचबॅकचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरच्या आसपास असतो, म्हणजे २५ मिलिमीटर उंची कमी केल्याने भाराच्या या स्थलांतरात साधारण पाच टक्क्यांचीच घट होते. उलट झेनप्रमाणे पुढे मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या गाडीत, गाडी खाली आली की लोअर आर्मचा कोन बदलतो आणि पुढचे टोक ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा वेगाने खाली सरकतो. या दोहोंमधले अंतर वाढते, कलंडवणारा जोर वाढतो, आणि स्प्रिंग मूळचीच मऊ राहिली असेल तर गाडी दिसायला खाली पण वळणात पूर्वीपेक्षाही अधिक कलणारी होते. म्हणून उंची जितकी कमी कराल तितका कडकपणाही वाढवावा लागतो, आणि कडकपणा मर्यादेत ठेवायचा असेल तर उंची कमी करण्यालाही मर्यादा घालावी लागते. भारतीय रस्त्यांवर रोज चालणाऱ्या गाडीसाठी ही मर्यादा पुढे २५ व मागे १५ मिलिमीटरच्या आसपास आहे, या निष्कर्षावर मी आलो आहे.

आता कापलेल्या स्प्रिंगांविषयी. मित्राने आपल्या झेनच्या पुढच्या स्प्रिंगांचा एकेक वेढा गॅरेजमध्ये कापून घेतला होता. या पद्धतीवर सरसकट टीका होते, पण तिच्यामागचे गणित समजून घेणे आवश्यक आहे. कॉइल स्प्रिंगचा कडकपणा काम करणाऱ्या वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. साडेपाच वेढ्यांपैकी एक कापला तर उरलेली साडेचार वेढ्यांची स्प्रिंग सुमारे २२ टक्के अधिक कडक होते. म्हणजे उंची कमी होते आणि कडकपणाही वाढतो, व कागदावर ही जोडी वाईट नाही. खरी अडचण टोकाशी आहे. स्प्रिंगचा शेवटचा वेढा स्ट्रटच्या बशीत नीट टेकावा अशा बेताने कारखान्यात वळवलेला असतो. कापलेले टोक त्या बशीत एका कडेवर टेकते, स्प्रिंग तिरकी दाबली जाते आणि स्टिअरिंग फिरवताना ती बशीत सरकून टकटक आवाज करते. मित्राच्या गाडीत दुसऱ्याच आठवड्यापासून हा आवाज येऊ लागला. त्यातही काम गॅसकटरने केले असेल तर कापलेल्या जागेजवळच्या पोलादाचा कारखान्यात तापवून दिलेला कणखरपणा, म्हणजे ताव, उतरतो आणि तेथून स्प्रिंग तुटण्याचा धोका निर्माण होतो. त्याच्या स्प्रिंगा आम्ही काढून ठेवल्या. हा पर्याय मी कोणालाही सुचवणार नाही.

बाजारातला तयार संच मी स्वतः विकत घेतला. खोक्यावर ४० मिलिमीटर खाली एवढेच छापलेले होते. कडकपणाचा आकडा खोक्यावर नव्हता आणि दुकानात विचारल्यावर गाडी मस्त बसेल असे उत्तर मिळाले. घरी आणून मोजपट्टी लावली तेव्हा मागच्या दोन स्प्रिंगांच्या मोकळ्या लांबीत ६ मिलिमीटरचा फरक निघाला. दुकानदाराने त्या बदलून दिल्या हे नमूद करायला हवे, परंतु बदललेल्या जोडीतही ४ मिलिमीटरचा फरक होताच. तरीही मी त्या बसवून पाहिल्या. झेनच्या पुढच्या चाकाला बंपस्टॉपच्या, म्हणजे चाकाची वरची हालचाल अडवणाऱ्या ठोकळ्याच्या, रबरला भिडेपर्यंत वर जायला माझ्या मोजणीप्रमाणे ७० मिलिमीटर जागा मिळते. त्यातले ४० मिलिमीटर स्प्रिंगनेच खाल्ले की उरतात ३०, आणि पौडच्या पुढचा एक साधा खड्डाही तेवढी जागा वापरून टाकतो. गाडी स्प्रिंगवर चालण्याऐवजी रबराच्या ठोकळ्यावर चालू लागते. वळणात मधेच बंपस्टॉप भिडला तर त्या चाकाचा कडकपणा एका क्षणात कित्येक पटींनी वाढतो आणि पुढचे टायर पकड सोडते. घाटात हे घडणे धोक्याचे आहे. ज्यांना हा अनुभव येतो त्यांना बंपस्टॉप कापून जागा वाढवण्याचा सल्ला मिळतो. तसे मुळीच करू नये, कारण मग रबराऐवजी शॉकच्या आतले धातूचे भाग आपटतात. दहा दिवसांत मी हा संच उतरवला.

येथे एक तुलना करावीशी वाटते. जर्मनीत खालच्या स्प्रिंगांच्या नामांकित संचासोबत तपासणी संस्थेचा कागद येतो, त्यात कोणत्या मॉडेलसाठी, पुढच्या व मागच्या ॲक्सलवर कमाल किती भार असताना ती स्प्रिंग चालेल हे लिहिलेले असते आणि त्यासाठीचा क्रमांक स्प्रिंगवरच छापलेला असतो. आपल्याकडील जुन्या गाड्यांसाठी असा कागद मिळत नाही. म्हणून ती पडताळणी ग्राहकालाच करावी लागते, आणि ती वाटते तितकी अवघड नाही.

तिसरा पर्याय म्हणजे भोसरी परिसरातील एका लहान स्प्रिंग कारखान्यातून मापाप्रमाणे बनवून घेतलेला संच. तेथील मालकांनी पहिलाच प्रश्न विचारला तो चाकावर भार किती आहे हा, आणि योग्य ठिकाणी आल्याची खात्री मला तेव्हाच पटली. चालक बसलेला असताना गाडीची आधी पुढची व नंतर मागची चाके वजनकाट्यावर उभी करून भार काढला. त्यातून चाक, ब्रेक, ॲक्सल यांचे वजन वजा केल्यावर पुढच्या प्रत्येक स्प्रिंगवर अंदाजे २०५ किलो आणि मागच्या प्रत्येक स्प्रिंगवर अंदाजे १२५ किलो भार आला. माझ्या मूळ स्प्रिंगा कारखान्यातील यंत्रावर दाबून पाहिल्या तेव्हा पुढची १.७ आणि मागची १.६ किलो प्रति मिलिमीटर निघाली, म्हणजे स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला तेवढा भार लागतो.

माझ्या डोक्यात पुढे २.३ चा आकडा होता. मालकांनी कागदावर हिशोब मांडून तो खोडून काढला, आणि हा हिशोब प्रत्येक इच्छुकाने समजून घ्यावा असा आहे. २०५ किलो भाराखाली १.७ ची स्प्रिंग १२० मिलिमीटर दबते, तर २.३ ची स्प्रिंग ८९ मिलिमीटरच दबते. त्यामुळे गाडी २५ मिलिमीटर खाली आणायची असेल तर स्प्रिंग मूळपेक्षा २५ मिलिमीटर आखूड करून भागत नाही, ती ५६ मिलिमीटर आखूड करावी लागते. आता गाडी जॅकवर उचलली किंवा चाक खोल खड्ड्यात लोंबकळले तर काय होते ते पाहू. मूळ उंचीवरून चाक ६५ मिलिमीटर खाली जाऊ शकत होते. गाडी २५ ने खाली आल्यावर तेच चाक ९० मिलिमीटर खाली जाते. स्प्रिंग मात्र ८९ मिलिमीटरच दबलेली होती, म्हणजे शेवटी ती बशीतून सैल होणार. सैल झालेली स्प्रिंग परत बसताना जागेवर बसेलच याची खात्री नसते. २.१ किलो प्रति मिलिमीटर घेतल्यास स्प्रिंग ९८ मिलिमीटर दबते, मोकळी लांबी मूळपेक्षा ४७ मिलिमीटर कमी ठेवावी लागते आणि चाक पूर्ण लोंबकळले तरी स्प्रिंग ८ मिलिमीटर दबलेलीच राहते. पुढचा आकडा असा २.१ ठरला. मूळपेक्षा ही वाढ २४ टक्क्यांची आहे. एवढ्या वाढीला शॉकचा रोध, म्हणजे स्प्रिंगची हालचाल शमवण्याची त्याची ताकद, साधारण ११ टक्के अधिक असावा लागतो आणि मूळ जातीचा नवा शॉक ती गरज निभावून नेतो. ४० टक्क्यांच्या वाढीला मात्र वेगळे, अधिक रोधाचे शॉक घ्यावे लागले असते.

मागच्या बाजूचा विचार वेगळा करावा लागला. झेनच्या मागे अखंड ॲक्सल असून तेथे स्प्रिंग व शॉक स्वतंत्र आहेत. रिकाम्या गाडीत मागच्या स्प्रिंगवर भार कमी असतो, पण गणपतीला चार माणसे व सामान घेऊन निघालो की प्रत्येक बाजूला अंदाजे ८० किलोची भर पडते. मूळ १.६ च्या स्प्रिंगवर गाडी तेवढ्याने ५० मिलिमीटर खाली बसत असे, २.० च्या स्प्रिंगवर ती ४० मिलिमीटर बसते. म्हणजे रिकामी गाडी १५ मिलिमीटरने खाली आली असली तरी भरलेली गाडी पूर्वीच्या भरलेल्या गाडीपेक्षा केवळ ५ मिलिमीटर खाली असते. मला या संपूर्ण कामातली सर्वांत समाधानाची गोष्ट कोणती असे कोणी विचारले तर मी हेच सांगेन. मात्र सरळ २.० ची स्प्रिंग चाक लोंबकळताना १३ मिलिमीटरने सैल पडत होती. त्यावर उपाय म्हणून मागच्या स्प्रिंगच्या वरच्या टोकाला दोन वेढे एकमेकांच्या अगदी जवळ गुंडाळून घेतले. ते मऊ असल्याने नेहमीच्या भाराखाली पूर्ण मिटलेले असतात आणि खालचे वेढे २.० नेच काम करतात. चाक खाली गेले की ते उघडतात व स्प्रिंगला जागेवर धरून ठेवतात. बाजारात प्रोग्रेसिव्ह या नावाने ज्या स्प्रिंगा विकल्या जातात त्यांपैकी बऱ्याच स्प्रिंगांचे काम एवढेच असते, आणि ते काम महत्त्वाचे आहे.

कारखान्यात पाहिलेल्या दोन गोष्टी नोंदवण्याजोग्या आहेत. तारेच्या जाडीविषयी ते अतिशय काटेकोर होते, कारण कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो. १० मिलिमीटरच्या जागी साडेदहा मिलिमीटरची तार घेतली तर बाकीची मापे तीच असूनही स्प्रिंग साधारण २१ टक्के अधिक कडक होते. दुसरे म्हणजे ताव देऊन झाल्यावर प्रत्येक स्प्रिंग यंत्रावर अनेकदा पूर्ण मिटेपर्यंत दाबली जाते. जे काही बसायचे ते स्प्रिंग तेथेच बसते आणि गाडीत गेल्यावर फारशी खचत नाही. चार महिन्यांनी मी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर पुन्हा मोजले तेव्हा पुढे ३ आणि मागे २ मिलिमीटरचा फरक आढळला. डाव्या व उजव्या बाजूंत २ मिलिमीटरहून अधिक तफावत कोठेही नाही.

बसवण्याच्या कामाला एक पूर्ण दिवस लागला. रबर बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळून घ्यावेत, नाहीतर रबर कायम पिळलेले राहते. मेकॅनिक घाईत असतील तर हे आपण उभे राहून करून घ्यावे. नंतर व्हील अलाइनमेंट अपरिहार्य आहे. पुढच्या चाकांचा वरचा भाग साधारण अर्धा अंश आत झुकला, जे वळणाच्या दृष्टीने हिताचेच आहे, परंतु टो, म्हणजे वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचे माप, मात्र बराच बदलला होता आणि तो जुळवला नसता तर नवे टायर काही महिन्यांत एका कडेने झिजले असते. हेडलाइटचा विचार सहसा कोणी करत नाही. पुढचा भाग मागच्यापेक्षा १० मिलिमीटर अधिक खाली आल्याने गाडी किंचित पुढे झुकते, आणि त्यामुळे दहा मीटरवर प्रकाशाची कड सुमारे ४३ मिलिमीटर खाली येते. ताम्हिणीत रात्री धुके असताना हा फरक जाणवतो. तो स्क्रू फिरवून दुरुस्त करता येतो.

प्रत्यक्ष चालवताना झालेला बदल नेमका सांगायचा तर असा: स्टिअरिंग वळवल्यापासून गाडी वळणात स्थिरावेपर्यंतचा वेळ कमी झाला आहे. पूर्वी आधी ती कलायची, मग थांबायची, मग वळायची. आता या तीन क्रिया जवळजवळ एकत्र होतात आणि लागोपाठच्या उजव्या-डाव्या वळणांत हा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो. मागचा कडकपणाही वाढल्यामुळे नाक बाहेर जाण्याची प्रवृत्ती कमी झाली आहे, नाहीशी झालेली नाही. पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी आहे, तेवढे राहणारच. ब्रेक लावताना पुढचा भाग पूर्वीइतका वाकत नाही. वेगाची कमाल मर्यादा वाढली असा दावा मी करणार नाही, आणि घाटात ती वाढवण्याचा उद्देशही नव्हता.

किंमत आरामात मोजावी लागली आहे. शहरातल्या पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर आणि ड्रेनेजच्या झाकणांवरून जाताना गाडी आता प्रत्येक उंचवटा कळवते. मागे बसणाऱ्या माझ्या आईला पहिल्या आठवड्यात हा फरक जाणवला, नंतर तिने तक्रार केली नाही. परंतु घरात कोणाला पाठीचा त्रास असेल तर आधी त्यांना अशा गाडीतून फिरवून मगच निर्णय घ्यावा. गतिरोधकांबाबत माझी भीती अनाठायी ठरली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच व ३.७ मीटर रुंद असतो, आणि गाडीच्या तळाच्या जमिनीपासूनच्या मूळच्या १६५ मिलिमीटर उंचीतून २५ वजा केले तरी असा गतिरोधक झेन न घासता ओलांडते. गावांच्या वेशीवर लोकांनी स्वतः घातलेले अरुंद, उभट उंचवटे मात्र तिरके घेऊनच पार करावे लागतात. भाद्रपदात चार माणसांसह माणगावच्या पुढे गेलो आणि परतताना नारळ व तांदळाचे पोतेही आणले. त्या प्रवासात गाडी एकूण दोनदा घासली, दोन्ही वेळा अशाच उंचवट्यांवर.

चारही स्प्रिंगांना साडेतेरा हजार रुपये पडले, जे तयार संचाच्या दीडपटीहून थोडे अधिक आहेत. बसवण्याची मजुरी व अलाइनमेंट वेगळे. वेळही अधिक लागला, मापे देण्यापासून स्प्रिंगा हातात पडेपर्यंत पाच आठवडे गेले आणि कारखान्याने दिलेल्या दोन तारखा चुकल्या. तरीही पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी तेथेच जाईन.

कायद्याची बाजू दुर्लक्षित करता येणार नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून दूर जाणारे फेरबदल वाहनात करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ कठोरपणे लावला आहे. त्यातच पंधरा वर्षांपुढील गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकृत करताना परिवहन कार्यालयात तपासणी होते. म्हणून काम करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारणा करावी आणि मूळ स्प्रिंगा कधीही भंगारात देऊ नयेत. माझ्या चारही मूळ स्प्रिंगा तेल लावून, कोणती कोठली याची चिठ्ठी बांधून माळ्यावर ठेवलेल्या आहेत, आणि नोंदणीचे पुढचे नूतनीकरण येईल तेव्हा त्या परत गाडीत बसवायच्या असे मी ठरवले आहे.